मंगळवारची गोळी

सोमवार, ९ फेब्रुवारी. स्वयंपाकघरात बसून तुमच्या गोळ्यांची विल्हेवाट लावते आहे, अक्का. एकेक गोळी पाकिटातून काढायची, सकाळच्या कॉफीच्या ओल्या चोथ्यात कालवायची, प्लास्टिकच्या कव्हरला गाठ मारायची आणि कचऱ्यात टाकायची. पाकिटासकट टाकल्या तर कुणीतरी उचलून घेतं. आपल्या घरात तर नक्कीच. मोठे भावजी गेले तेव्हा त्यांच्या बीपीच्या उरलेल्या गोळ्या तुम्हीच संपवल्या होत्यात. "चांगल्या आहेत की गे, तारीख आहे अजून," म्हणाला होतात. जसं काही दही आंबायच्या आत संपवायचं होतं.

तुमचा तेरावा झाला. माझी रजा आज संपते, उद्यापासून पुन्हा कामावर जायची नंजनगूडची गाडी. विजयाला रडायलासुद्धा सवड नाही, असं वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खरं आहे. रडण्यापेक्षा मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही वाद अर्धा टाकून गेलात. तशी तुमची सवयच होती. हरायला लागलात की "दूध उतू जातंय" म्हणून आत निघून जायचात. दूध कधी उतू गेलेलं मी पाहिलं नाही.

उद्या मंगळवार. वन्संनी हॉलमधला तुमचा पाट धुऊन उन्हात ठेवला आहे. तुम्ही नाही तर त्यावर तुमचा फोटो बसणार. फोटो बँकेच्या पासबुकावरचाच, मोठा केलेला. त्यात तुमचं कपाळ मोकळं होतं, तर वन्संनी स्टुडिओत सांगून कॉम्प्युटरवर कुंकू लावून घेतलं. रुपयाएवढं. मला दाखवून म्हणाल्या, "कशी तेजस्वी दिसते की गे!" मी म्हटलं, दिसतात. फोटोला शुगर नसते.

हे असं मी बोलते म्हणून घरात माझं कुणाशी पटत नाही. तुमच्याशी पटायचं. थोरली जाऊ म्हणून मी तुम्हाला अक्का म्हणत आले, पण जावेचं नातं आपल्यात पहिल्या वर्षीच संपलं. मी कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरीला लागले तेव्हा सगळं घर गप्प बसलं होतं आणि तुम्ही एकट्या म्हणालात, "जाऊ दे तिला. इथं दोघींनी एकच भात किती वेळा ढवळायचा?" मेघाला तुम्ही वाढवलंत. तिचं पहिलं पाऊल तुम्ही पाहिलं, मी फोनवर ऐकलं. माझ्या डब्यात पोळी कधी तुटकी निघाली नाही, आणि मी शुगरची निघाले त्या दिवसापासून डब्यातला भात न सांगता निम्मा झाला. स्वतःच्या ताटातला मात्र तुम्ही कधी कमी केला नाहीत.

आभार मानले नाहीत कधी. मानले असते तर तुमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाला असतात, "बेडा गे, सुम्ने जेव." नको ते, गुपचूप जेव. म्हणून इथे लिहून टाकते आणि पुढे जाते.

भावजी गेल्यावर काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं. मोठ्याने कुणी काही बोललं नाही. शिकलेली माणसं आहेत, असलं बोलत नाहीत. फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी वन्सं म्हणायच्या, "अंबुजा, तू आत जरा कॉफीचं बघ." आणि तुम्ही कॉफीचं बघायचात. आपलं सासर मूळचं रंगाऱ्यांचं. रंगाच्या काहिली केव्हाच मोडीत गेल्या, पण हळदीला चुना आणि लिंबू किती लावलं म्हणजे ती नेमकी कुठल्या लालावर थांबते, हे घरात फक्त तुमच्या हाताला ठाऊक होतं. अख्ख्या अग्रहाराच्या वस्तीत आपल्या ओळखीच्या बायका तुम्ही केलेलं कुंकू मागून न्यायच्या. मलमलीतून तीनदा गाळायचात, बोटं आठवडाभर लाल राहायची. आणि कपाळाला काही नाही.

मग तुमच्या पायाला चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांत पांढरं, ओलं, सोललेलं. शुगरवाल्यांना होतं ते, त्यात तुम्ही दिवसभर मोरीपाशी पाण्यात. मी तुम्हाला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं असतं, पण तुम्ही जयम्माबरोबर गेलात. जयम्मा म्हणजे समोरच्या घरातली, जिच्या मुलीच्या लग्नाची चिंता सगळ्या गल्लीला होती. डॉक्टरांनी मलम दिलं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी. संध्याकाळी मी विचारलं, "आधीची औषधं दाखवलीत त्यांना?"

"पायाचा डॉक्टर पाय बघतो की. त्याला साखरेचं कशाला?"

"अहो, पोट एकच आहे ना?"

"तुला सगळ्यात ऑफिस दिसतं."

आठवड्यातला एक वार लक्षात राहायला हवा म्हणून तुम्ही मंगळवार धरलात. मंगळवारी तुमचा देवीचा उपास, वार चुकायचा नाही. चुकला नाहीच. पहाटे कॉफीबरोबर साखरेची गोळी, बीपीची गोळी, पायाची गोळी. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, त्यामुळे उपास मोडत नव्हता. मग दिवेलागणीला आरती होईपर्यंत पोटात पाण्याखेरीज काही नाही.

अशा दुसऱ्या की तिसऱ्या मंगळवारी मी कामावरून आले तर दारात चपला मावत नव्हत्या. आत तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, केस सुटलेले, ब्लाउज घामानं पाठीला चिकटलेला. डोळे उघडे, पण समोरचं काही बघत नव्हते. वन्सं हात जोडून तुमच्यापुढे. तुम्ही घशातून, जाड आवाजात विचारत होतात, "माझं कुंकू कुणी पुसलं? सरे, माझं कुंकू कुणी पुसलं?"

सरोजवन्संना सरी म्हणणारं माणूस आता जगात कुणी उरलेलं नाही. त्यांनीच करंडा आणला, त्यांनीच तुमच्या कपाळावर बोटानं ठसठशीत कुंकू लावलं. सात वर्षांनी. कुणीतरी मोगऱ्याचा गजरा माळला. जयम्मा पायांवर डोकं ठेवून विचारत होती, "तायी, हेळम्मा, मगळ मदुवे यावाग?" आई, सांग, मुलीचं लग्न कधी?

मी पर्स न उतरवता माझं साखर मोजायचं यंत्र काढलं आणि तुमच्या बोटाला टोचलं. बेचाळीस, सत्तर तरी हवी. स्वयंपाकघरातून स्टीलची वाटीभर साखर आणली, पाण्यात कालवली आणि तुमच्या तोंडात घातली. तुम्ही मान फिरवत होतात, मी हनुवटी धरली. तेव्हा गिळत होतात, म्हणून जमलं. थोड्या वेळानं डोळे समोरच्या माणसांवर आले. तुम्ही कपाळाला हात लावलात, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलंत. मग सगळ्यांकडे एकदा पाहिलंत, पदरानं कपाळ पुसलंत आणि उठलात.

"दूध ठेवलंय गॅसवर," म्हणालात.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "देवीआई आली होती घरात. तू हाकललीस."

"आई नव्हती. बेचाळीस होती."

"तुझ्या मशीनला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला ओढून आपल्या शुगरच्या डॉक्टरांकडे नेलं, सगळी पाकिटं पिशवीत घालून. त्यांनी ती टेबलावर मांडली आणि पायाची गोळी उचलली. फ्लुकोनाझोल. हिशेब सोपा होता. तुमची साखरेची गोळी स्वादुपिंडाला पिळून साखर खाली आणते. काम झालं की यकृत तिला निकाली काढतं. पायाची गोळी यकृताचं ते कामच अडवते. म्हणजे एक गोळी घेतली की ती दोन घेतल्यासारखी अंगात रेंगाळते. वर उपास. साखर उतरली की माणसाची छाती धडधडते, हात कापतात, तो काहीतरी तोंडात टाकतो. पण तुमची बीपीची गोळी नेमकी ती धडधड आणि ती थरथर दाबून टाकते. उरतो घाम. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे चोर आत शिरतो आणि कुत्र्याचं तोंड आधीच बांधलेलं असतं." पायाची गोळी बंद, मलम पुरे. साखरेची गोळी निम्मी. उपास करायचा नाही, करायचाच तर त्या दिवशी साखरेची गोळी नाही.

तुम्ही हात जोडून ऐकलंत. "आयतु डॉक्टर." झालं, म्हणून.

परतताना रिक्षात तुम्ही तोंड उघडलंत. "विजया, गोळीला सरीचं लहानपणचं नाव कसं ठाऊक?"

"गोळीला नाही, तुम्हाला ठाऊक होतं. सासूबाई मरेपर्यंत त्याच नावानं हाक मारायच्या."

"मला आठवत नव्हतं."

"साखर उतरली की माणूस काहीही बोलतं. दारू चढल्यासारखं होतं ते."

"म्हणजे मी दारू प्यायल्यासारखी दिसले?"

"हो."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. मग हळूच, जणू रिक्षावाल्याला सांगत असल्यासारख्या म्हणालात, "सरी माझ्या पाया पडली गे."

तिथे मी काय बोलायला हवं होतं हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "रात्री जेवून झोपा."

पुढचे काही मंगळवार बायका आल्या, बसल्या, तुम्ही शुद्धीवर होतात, त्या कॉफी पिऊन गेल्या. कॉफी तुम्हीच केलीत. मग चपला कमी होत गेल्या. संक्रांत आली. वन्सं एळ्ळु-बेल्लाचं ताट घेऊन हॉलमधून फिरत होत्या, तिळगुळाच्या पुड्या आणि हळदीकुंकू. तुम्ही दाराशी उभ्या होतात. इतक्या मंगळवारांनंतर तुम्हाला वाटलं असावं की आता काही बदललं असेल. मी पाहिलं तुम्हाला, तुम्ही कपाळ किंचित पुढे केलंत. किंचित. वन्संचा हात कुंकवाच्या वाटीपर्यंत गेला आणि तिथून सरळ पलीकडच्या बाईकडे. तुमच्या हातात त्यांनी तिळाची पुडी ठेवली. "आत जरा कॉफीचं बघ, अंबुजा."

त्यानंतरच्याच मंगळवारी देवी परत आली.

मी तुम्हाला विचारलं, "पायाची गोळी घेतलीत?"

"नाही गे. बंद केली की."

"उपासाला साखरेची?"

"निम्मी."

मी गोळ्यांचा डबा उलटा केला. पायाच्या गोळ्या नव्हत्या. मी उपासाला दोष दिला, मग तुमच्या वयाला. वर्षभर दर मंगळवारी आपलं तेच. मी गाडीतून उतरून धावत यायची, तुम्ही पाटावर, हिरवं लुगडं, बांगड्या, मळवट भरलेला. मी वाटी घेऊन घुसायची. कधी देवी आलेली नसायची, तर तुम्ही माझ्याकडे बघून हसायचात. आली असली की झटापट. ह्यांना सांगितलं तर ह्यांचं एकच, "तुम्हा बायकांच्यातलं तुम्ही बघा." डॉक्टरांकडे चला म्हटलं तर तुमच्या गुडघ्याला नेमकी तेव्हा कळ यायची.

एकदा भांडी पुसता पुसता मी म्हटलं होतं, "अक्का, असंच चाललं तर एक दिवस उठणार नाही तुम्ही."

तुम्ही ताटली नीट पुसलीत, उजेडात धरून पाहिलीत. "तू साखर घालतेस ना, तेव्हा ती जाते. हे मला कळतं बरं का. गोड लागतं आणि ती जाते. मग मी इथं येते, भांडी पुसायला."

"मग काय, जाऊ द्यायची नाही तिला?"

"तुला कशाला कळेल? तुझ्या कपाळाला आहे की."

हे तुम्ही मला बोललात. वीस-बावीस वर्षांत तुम्ही मला बोललेलं हे एकच वाईट वाक्य, आणि ते खरं होतं. मी दुसरं काहीतरी बोलले. रॉकेलच्या डब्याबद्दल, की मेघाच्या फीबद्दल.

श्रावणात देवीनं हुकूम दिला. पाटावर बसून, त्याच जाड आवाजात. "वाटी घेऊन येते ती. तिला माझ्याजवळ येऊ देऊ नका. ती माझं तोंड गोड करून मला हाकलते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवशी मी घुसलेच, साखर घातलीच, तुम्ही उठलात आणि कॉफी केलीत. पण त्यानंतर वन्संनी दाराशी दोन बायका बसवल्या. आमचं ठरलं की आरती पुरी होईपर्यंत मी थांबायचं, आरती झाली की साखर. वन्संना वाटलं, त्यांनी मला सूट दिली. मला वाटलं, आरती छोटी असते.

ती लांबत गेली. माणसं वाढली की आरत्या वाढतात.

डॉक्टर म्हणतात, साखर इतकी उतरली की माणूस साखरच ढकलून देतो, हात झटकतो, शिव्या घालतो, त्यात त्याचा दोष नसतो, मेंदू उपाशी असतो. त्यांनी असे कितीतरी पाहिलेत. म्हणजे तो हुकूम तुमचा नव्हता, उपाशी मेंदूचा होता. मी यावर समाधान मानावं अशी त्यांची इच्छा आहे. चांगला माणूस आहे.

शेवटच्या मंगळवारी तुमचं पोट दोन दिवस बिघडलेलं होतं. सोमवारी तुम्ही ताकाचा एक घोट घेतला होतात, तोही पोटात राहिला नाही. मी सकाळी निघताना म्हटलं, "आज उपास नाही आणि साखरेची गोळी पण नाही. ऐकलंत?" तुम्ही म्हणालात, "हौद हौद, जा तू, गाडी चुकेल." हो हो, जा. हे आपलं शेवटचं बोलणं. गाडी चुकली नाही.

संध्याकाळी मी आले तेव्हा दोघीजणींनी तुम्हाला काखेत धरून पाटावर बसतं केलं होतं. मान छातीवर. मळवटातून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल रेघ आली होती. वन्सं आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्यांना खुणेनं गप्प करत होत्या. "आज आईनं मौन धरलंय."

मी वाटी घेऊन आले. दाराशी बसलेल्या उठल्या. मी एकीला ढकललं. वन्संनी तबक खाली ठेवलं आणि माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"सोडा. ती मरेल."

"आई असं मरत नाही. आरती अर्धी आहे."

"वन्सं, आई नाही ती, अंबुजा आहे!"

"तिनंच सांगितलंय तुला येऊ देऊ नको म्हणून. तिच्याच तोंडानं. तू पण ऐकलंस की नाही? सांग सगळ्यांसमोर, ऐकलंस की नाही?"

ऐकलं होतं. हॉलमधल्या प्रत्येकीनं ऐकलं होतं. तुमचेच शब्द तुमच्या तोंडावर दाराला कडी लागावी तसे लागले. मी वन्संच्या हाताला चावले, अक्का. खरोखर चावले, अजून वळ आहे त्यांच्या हातावर, तेराव्याला आलेल्या सगळ्यांना दाखवत होत्या. पण मी तुमच्यापर्यंत पोचले तेव्हा तुमची दातखीळ बसलेली होती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, छातीत जातं. मला हे माहीत होतं आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी केल्यासारखं झालं असतं. वाटी भरलेलीच राहिली.

दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय औषधं चालू होती?" वन्सं पुढे होऊन म्हणाल्या, "मै मेले देवरु बंदित्तु." अंगात देव आला होता. त्या मुलीनं कागदावरून मान वर केली, वन्संकडे पाहिलं, तुमच्या मळवटाकडे पाहिलं, आणि सुई शोधायला लागली. साखर सलाइनमधून चढली. यंत्रावर आकडा वर आला, चांगला, माझ्यापेक्षा चांगला. तुम्ही आला नाहीत. मेंदू फार वेळ उपाशी राहिला, असं म्हणाले. तुम्ही श्वास घेत पडून राहिलात आणि मग तोही सोडलात.

नेताना वन्संनी तुम्हाला हिरवं नेसवलं, बांगड्या भरल्या, कपाळ भरून कुंकू लावलं, तुम्हीच केलेलं. गल्लीतल्या एकूण एक बाईनं लावलं. कुणाला तुमची कॉफी आठवली नाही. मेलेल्या बाईला कुंकू लावायला काय जातं? ती संक्रांतीला दाराशी येऊन उभी राहणार नसते.

आता आजचं सांगते, म्हणजे मी तुमच्याशी का भांडते आहे ते कळेल.

गोळ्यांचा डबा रिकामा केल्यावर मी तुमचं कपाट काढलं. लुगड्यांच्या तळाशी तुमचा लग्नातला करंडा होता, शिसवी, वर पांढऱ्या नक्षीचा हत्ती. विधवेच्या करंड्यात कोण बघतं? मीही वर्षभर बघितलं नाही. आत कुंकू नव्हतं. पायाच्या गोळीची पाकिटं होती. एका पाकिटात एकच गोळी, अशी. काही भरलेली, बाकी रिकामी, नीट एकात एक घालून ठेवलेली. तुमचे पाय केव्हाच बरे झाले होते. मीच रोज बघायची, शुगरवाल्यांचे पाय बघावेच लागतात. टाचा तेवढ्या फुटलेल्या, बोटं लहान मुलासारखी स्वच्छ.

मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारलं. तो म्हणाला, "हो, अक्का यायच्या की दर सोमवारी. चिठ्ठी कशाला लागते त्याला?"

म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला जे समजावलं ते तुम्हाला पुरतं समजलं होतं. माझ्यापेक्षा जास्त. मी ऐकलं की हे केलं तर साखर उतरते. तुम्ही ऐकलंत की हे केलं तर कुंकू लागतं. हळदीला किती चुना लावला की रंग कुठे थांबतो हे जाणणारी बाई तुम्ही. आणि चुना जास्त पडला की सगळा घाणा काळा पडतो, हेही तुम्हीच मला शिकवलं होतं.

पण तरी मला पक्कं माहीत नाही. कदाचित तुम्हाला खरंच वाटत असेल की गोळी हे नुसतं दार आहे आणि आत येणारी ती खरीच. कदाचित तुम्ही फक्त सरीला पाया पडताना बघायला बसत होतात. आणि श्रावणातला तो हुकूम, "तिला येऊ देऊ नका," तो कुणाचा? डॉक्टर म्हणतात उपाशी मेंदूचा. वन्सं म्हणतात देवीचा. मला वाटतं तुमचा, अक्का. घरात एकच माणूस असं होतं जे तुमचं ऐकणार नव्हतं, जे दर मंगळवारी धावत येऊन तुम्हाला परत भांड्यांपाशी आणून बसवणार होतं. तुम्ही तिला ओळखून होतात. तिचा बंदोबस्त केलात.

आणि तसं असेल, तर मी वर्षभर तुम्हाला वाचवत होते की छळत होते?

मूर्ख होतात तुम्ही. एक बोट कुंकवासाठी कुणी मरतं? मी लावलं असतं. हे आत्ता लिहिताना सुचतंय. संक्रांतीला वन्संचा हात पलीकडे गेला तेव्हा मी चार हातांवर उभी होते, माझ्यासमोर कुंकवाची दुसरी वाटी होती. तुम्हीही माझ्याकडे बघितलं नाहीत. आपल्या दोघींनाही ते सुचलं नाही. चावायला सुचलं.

मंगळवार, सकाळ.

चोथ्याचं कव्हर कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकून आले. करंडा धुतला, वाळवला आणि त्यात तुमच्या शेवटच्या घाण्यातलं कुंकू भरून मेघासाठी ठेवला. माझी गोळी घेतली, दोन इडल्या खाल्ल्या. डबा आज मीच भरला, पोळी तुटली.

हॉलमध्ये वन्सं तुमच्या फोटोला हार घालत होत्या. जयम्मा नारळ घेऊन आलीच होती. मी स्वयंपाकघरातून तीच वाटी आणली, काठोकाठ साखर भरून, आणि फोटोपुढे ठेवली.

वन्सं चपापल्या. "अगे, तिला शुगर होती की! साखर कसली ठेवतेस?"

"असू दे," मी म्हटलं. "आता चालते."

वाटी मी थोडी आणखी पुढे सरकवली, फोटोला टेकेपर्यंत. या वेळी कुणी हात धरला नाही. मग चपला घातल्या आणि गाडी गाठली.